दुमडीतली वीत

लेकाचं वागणं पडदेवाल्या बाईंना अलीकडे अजिबात पटेनासं झालं होतं, आणि न पटलेली गोष्ट पोटात ठेवायची बाईंना सवय नव्हती. पडद्याचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक असो की जिन्यात भेटलेली शेजारीण, बाई मशीनचं चाक हाताने थांबवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि सुरू व्हायच्या. म्हणायच्या, लोक रविवारी सिनेमाला जातात, आमचे साहेब घरं बघायला जातात. तीन वर्षं झाली. एवढ्यात माणूस एकेक वीट रचून घर उभं करील. पण नाही. संध्याकाळी परत यायचं, चपला काढायच्या आणि बघून आलेल्या घराला नाव ठेवायचं. एकाची लिफ्ट खडखडते. दुसऱ्याच्या नळाला धार नाही. तिसऱ्याचा जिना अरुंद. चौथ्याच्या शेजाऱ्यांचं कुत्रं म्हणे ह्याच्याकडे वाकड्या नजरेने बघतं. "कुत्र्याला कळलं असेल, हा घेणाऱ्यातला नाही," असं म्हणून बाई पुन्हा चाक फिरवायच्या.

लेक दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात कामाला होता. दिवसभर मेणात आणि प्लॅस्टरात बोटं घालून तो परक्यांच्या हिरड्यांवर बसतील असे दात रचायचा. जगाच्या तोंडात दात बसवतो आणि स्वतःच्या तोंडातून सरळ एक शब्द काढत नाही, असं बाई त्याच्याबद्दल म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. विचारलं तर तो नखांतलं प्लॅस्टर काढत बसायचा. बाईंना वाटे, गेलेल्या माणसावर गेलाय.

गेलेला माणूस, म्हणजे बाईंचा नवरा, पाण्याचा टँकर चालवायचा. स्वभावाने गरीब, हाताने सढळ. दर वेळी बिऱ्हाड हललं, सामान वर चढवून झालं, की कमरेवर हात ठेवून घामेजल्या तोंडाने म्हणायचा, "हे शेवटचं भाड्याचं." असं त्याने सात घरांत म्हटलं. सातव्या घरात ते खरं झालं, फक्त त्याच्यापुरतं. आठवं घर बाईंनी एकटीने शोधलं. छापखान्याच्या वरच्या मजल्यावरचं, दोन खोल्यांचं, समोर मोकळं पटांगण. खिडकीशी मशीन मांडलं आणि त्या मशीनवर लेकाला शिकवला, उजवला, सून आणली. सून रुग्णालयात परिचारिका. तिच्या पाळ्या अशा की कधी सकाळी घरी, कधी संध्याकाळी.

बाई पडदे शिवायच्या म्हणजे साधंसुधं नाही. शहरातल्या बड्या बड्या घरांच्या खिडक्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. गिऱ्हाइकाच्या पडद्याला खाली दोन बोटं कापड आत दुमडून शिवायचं, हा त्यांचा नेम. त्याहून जास्त दुमड घालणं म्हणजे कापड वाया आणि पडदा जड. पण स्वतःच्या घरच्या पडद्यांना त्यांनी पहिल्यापासून हातभर दुमड घातली होती. भाड्याच्या घरांच्या खिडक्या सारख्या नसतात. एका घरी खिडकी उंच, की दुमड उसवून पडदा सोडायचा. पुढच्या घरी ठेंगणी, की पुन्हा आत घ्यायचा. कापड जाड होतं, जन्माला पुरेल असं घेतलेलं. उन्हाने त्याचा निळा रंग उडत गेला, पण जिथे जिथे दुमड होती तिथे तिथे एक गडद रेघ राहिली. बाई त्या रेघांवरून बोट फिरवत लेकाला सांगायच्या, ही शाळेच्या मागच्या घराची. ही त्या घराची, जिथे वरचा माणूस पहाटे भांडी आपटायचा. ही तुझ्या जन्माची. आता सगळं सोडून सोडून आत शेवटची एक वीत उरली होती.

आणि पलंगाखालच्या ट्रंकेत एक वेगळंच कापड होतं. सायीच्या रंगाचं, हाताला थंड लागणारं. लेक शाळेत असताना एका हॉटेलचं मोठं काम आलं होतं, तेव्हा उरलेला तागा बाईंनी स्वतःच्या मजुरीतून विकत घेतला होता. तो त्यांनी कधी कापला नाही. अधूनमधून बाहेर काढायच्या, खुर्चीच्या पाठीवर टाकून वारा द्यायच्या, घड्या बदलून परत ठेवायच्या. त्या कापडाचे पडदे दोन बोटं दुमड घालून शिवायचे होते. खिडकी एकदाची ठरली, आता ती बदलायची नाही, असं ज्या घरात म्हणता येईल त्या घरासाठी. बाईंनी हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण लेक रविवारी बाहेर पडला की त्यांचा एक डोळा मशीनवर आणि एक ट्रंकेकडे असायचा, आणि संध्याकाळी तो लिफ्टची गाऱ्हाणी घेऊन परतला की ट्रंक पायाने आत ढकलली जायची.

डोळ्यांचा विषय निघाला म्हणून सांगायचं. बाईंचे डोळे अधू होत चालले होते. मशीनवर सरळ शिलाई मारायला डोळे लागतच नाहीत, तिथे हातांना सगळं ठाऊक असतं. पण सुई ओवायला लागतात. बाई भर दुपारी, पटांगणावरचं ऊन खिडकीत आलं की दाराला कडी लावायच्या आणि दहाबारा सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या. त्या दुसऱ्या दिवसापर्यंत पुरवायच्या. गडद कापडाचं काम तर त्यांनी घेणंच सोडलं. कुणी काळा, जांभळा पडदा मागितला की म्हणायच्या, असले रंग घरात लावू नयेत, मन खचतं. वरून गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडीवर दोन शब्द ऐकवायच्या. सगळ्यांना वाटे बाईंची ही तऱ्हा. कुणाला काही कळलेलं नाही, अशी बाईंची खात्री होती.

त्यातच सुयांच्या डब्यातून सुया कमी व्हायला लागल्या. बाईंनी सुनेला विचारलं, तिने कानांवर हात ठेवले. मग एकदा लेकाचा शर्ट चोळताना कॉलरच्या खाली काहीतरी कचकन बोटात शिरलं. सुई. तिला काळ्या दोऱ्याचा तुकडा गुंडाळलेला. विचारलं तर म्हणाला, बटण तुटलं होतं. शर्टाची सगळी बटणं जागच्या जागी होती. बाई बोट चोखत म्हणाल्या, दात बसवणाऱ्याला बटण बसवता येतं हे आजच कळलं. आणि विषय तिथेच राहिला.

मग एक दिवस घरमालक वर आले. छापखाना त्यांचाच. थकले होते, लेकीकडे कायमचे निघाले होते. इमारत विकायला काढली आहे म्हणाले. तुम्हीच घेत असाल तर पहिला मान तुमचा. आणि त्यांनी जो आकडा सांगितला त्यावर बाई, लेक आणि सून तिघंही नुसती हसली, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. या भागात घर घ्यायचं तर लेकाला साऱ्या शहराच्या कवळ्या एकट्याने बनवाव्या लागल्या असत्या. दोन महिन्यांत जागा सोडायची ठरली.

त्या दिवसापासून घरात जेवणाबरोबर हाच विषय वाढला जायचा. लेकाचं म्हणणं, घ्यायचं तर शहराच्या टोकाला घ्यावं लागेल, हप्ता मात्र वीस वर्षं मानेवर बसेल. सुनेने रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत एक भाड्याची जागा बघून ठेवली होती. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका, लवकर जागा सोडायला लावणार नाहीत असं तोंडभर सांगणाऱ्या. तिसरा मजला, कोपऱ्याचं घर. सून म्हणाली, खिडकी तर दाराएवढी आहे, दुपारभर ऊन असतं. बाई म्हणाल्या, मला भाड्याची घरं पाठ आहेत, मी कशाला बघायला येऊ. आयुष्यभर दुसऱ्याच्या भिंतीला पैसे मोजायचे आणि जाताना भोकं बुजवून द्यायची.

सून एरवी तोंडाला तोंड देणारी नव्हती. पण त्या दिवशी रात्रपाळी करून आली होती, डोळे तारवटलेले. ताट सरकवत म्हणाली, "अहो आई, टोकाला घर घेतलं तर घर आपलं होईल. पण त्या घरात आपण असणार कधी? दोन बस जायला, दोन यायला."

"आत्ता तरी कुठे घरात असतेस?"

"म्हणूनच म्हणते."

बाईंनी मोडलेला घास ताटात परत ठेवला. त्यांनी लेकाकडे बघितलं. तो नखांतलं प्लॅस्टर काढत होता. बाईंनी जाहीर केलं की या रविवारी टोकाचं घर बघायला त्या स्वतः येणार. बघू तरी त्या घराची लिफ्ट कशी खडखडते.

रविवारी दुपारी तिघं निघाली. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली आणि पर्समध्ये मापाची टेप टाकली. दुसऱ्या बसमधून उतरल्यावर रस्ता संपल्यासारखा वाटत होता आणि त्याच्या पुढे नव्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या होत्या. एजंट दारातच भेटला. हसरा, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्याने बाईंना मावशी म्हटलं. लिफ्ट अजिबात खडखडली नाही. बाईंनी लेकाकडे एक नजर टाकली. तो मजल्यांचे आकडे बघत होता.

सहाव्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. रिकामं घर. चुन्याचा, ओल्या रंगाचा वास. बाईंनी नळ सोडला, धार चांगली जाड होती. दार लावून बघितलं, उघडून बघितलं. मग त्या बाहेरच्या खोलीच्या भिंतीपाशी गेल्या आणि तिच्यावर तळवा टेकला. भिंत गार होती आणि थोडी खरबरीत. एवढ्या घरांत राहिल्या, पण कुठल्या भिंतीला असा हात टेकून त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. इथे टँकरवाल्याचा फोटो. खिळा आपण ठोकायचा, कुणाला विचारायचं नाही. तिथे कपाट, ते आता कुणी हलवणार नाही. सून दमून आली की इथे पाय पसरील. त्यांना क्षणभर वाटलं, टँकरवाला मागे उभा आहे, कमरेवर हात ठेवून, आणि या वेळी काहीच म्हणत नाहीये, कारण म्हणायचं काही उरलेलं नाही.

लेक आणि सून गच्चीवर पाण्याची टाकी बघायला गेली. बाईंनी टेप काढली आणि खिडकीचं माप घेतलं. रुंदी, उंची. मनात ट्रंकेतला तागा उलगडला. पुरतोय. दोन बोटं दुमड धरून वर थोडं उरतंय. टेप गुंडाळताना त्यांच्या लक्षात आलं की टेपेवरचे आकडे त्यांनी वाचलेच नव्हते, टेप वितीने मोजली होती. खिडकीसमोर हात लांब केला तर लागेल अशी शेजारच्या इमारतीची भिंत होती. बाहेर भर दुपार होती आणि खोलीत दिवा लावावासा वाटत होता.

एजंटला शांतता सोसत नव्हती. तो म्हणाला, "मावशी, एक विचारू? रागावू नका. तुमच्या चिरंजीवांना मी कमी घरं दाखवलेली नाहीत. पण त्यांच्यासारखं गिऱ्हाईक बघितलं नाही. लोक घरात शिरले की स्वयंपाकघर बघतात, संडास बघतात. हे सरळ खिडकीत जाऊन जमिनीवर बसतात, कॉलरमधून सुई काढतात आणि ओवायला लागतात. पहिल्यांदा मला वाटलं बटण तुटलं असेल. पण दर घरात कसं बटण तुटेल? एकदा तर त्यांना सुई ओवता आली, मी म्हटलं झालं, घर गेलं. तर म्हणतात, मला जमतंय पण इथे तिला नाही जमणार. ती कोण, ते काही सांगत नाहीत."

 बोटाला सुई टोचली होती ती जागा बाईंनी अंगठ्याने दाबून धरली. तीन वर्षांच्या लिफ्ट, नळ, जिने आणि ते एक कुत्रं, सगळं त्यांच्यासमोरून एकापाठोपाठ एक गेलं. आणि त्यांच्या पाठोपाठ काळे, जांभळे पडदे गेले, मन खचतं म्हणून परत पाठवलेले. घरी बसून त्या रंगांना नावं ठेवत होत्या आणि हा बाहेर घरांना. एका कापडाचे दोन तुकडे.

लेक आणि सून खाली आली. सुनेच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, ती गच्चीचा जिना चढून-उतरून दमली होती इतकंच. लेकाने खिडकीकडे बघितलं, मग आईकडे, आणि सुरुवात केली. टाकीचं झाकण नीट बसत नाही म्हणाला. आणि पावसाचं पाणी जर...

"सुई दे," बाई म्हणाल्या.

तो थांबला. एजंट एकदम किल्ल्या मोजायला लागला. लेकाने सावकाश कॉलर उलटी केली आणि काळा दोरा गुंडाळलेली सुई आईच्या तळव्यावर ठेवली. बाई खिडकीत गेल्या. दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, बोटांनी वळलं. सुई उजेडाकडे धरली, म्हणजे जिकडे उजेड असायला हवा होता तिकडे. दोरा सुईच्या बाजूने गेला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा त्यांना वाटलं गेला आत, ओढला तर हातात नुसता दोरा.  लेक सुईकडे नाही, त्यांच्या बोटांकडे बघत होता, किंचित तोंड उघडं ठेवून, लहानपणी त्या मशीनवर बसल्या की बघायचा तसाच.

"आई, तुला हवं असेल तर घेऊ," तो हळूच म्हणाला. "आजच बयाणा देतो. उजेडाचं बघता येईल. दिवे लावू, चांगले मोठे."

तो खरंच देणार होता. बाईंना ते त्याच्या आवाजावरून कळलं. त्यांनी फक्त मान हलवायची होती. त्यांनी भिंतीकडे बघितलं, जिथे खिळा यायचा होता तिथे. ती जागा त्यांना आत्ताच ओळखीची झाली होती. वीस वर्षांचा हप्ता, दोन बस पकडून येणारी सून, दिव्याखाली कवळ्यांवर वाकलेला लेक, आणि ह्या खिडकीत, सायीच्या रंगाच्या पडद्याआड, हात मांडीवर ठेवून बसलेली एक बाई. पडदा तेवढा सुरेख दिसला असता.

त्यांनी सुई सुनेपुढे धरली. आजवर सुनेने बाईंची सुई कधी ओवली नव्हती, तसं विचारायचं तिचं धाडसही झालं नव्हतं. सुनेने सुई घेतली. तिलाही त्या खिडकीत जमलं नाही, ती बाहेर जिन्याच्या उजेडात गेली, ओवून आणली आणि बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती स्वतःच्या पदराला टोचली. मग लेकाकडे वळल्या, आणि एजंट ऐकत असला तरी आवाज काही खाली आणला नाही.

"तीन वर्षं तू घरांना नावं ठेवलीस. घरांचा काही दोष नव्हता. लिफ्टी चांगल्या होत्या, नळ चांगले होते, ते कुत्रंसुद्धा चांगल्या घरचं असेल. दोष माझ्या डोळ्यांचा. मी तो तुझ्यापासून लपवला आणि तू माझ्यापासून, दोघंही एकाच मापाचे. हे घर मला हवंय. किती हवंय ते तुला नाही कळायचं, आणि सांगायला मी काही बसलेली नाही. पण जिथे मला सुई दिसत नाही तिथे मी नुसती सांभाळलेली म्हातारी, आणि तेवढी स्वस्त मी अजून झालेली नाही. उद्या हिने बघितलेल्या जागेचं डिपॉझिट देऊन ये. ट्रंकेतलं कापड ट्रंकेत राहील, त्याला काही झालेलं नाही. दाराएवढी खिडकी म्हणतेय ना ही? पडद्याच्या दुमडीत अजून एक वीत आहे, तेवढी सोडते. आणि साहेब, यापुढे सुई लागली तर मला विचारून न्यायची."